जुन्या पुलावरचे मामा

आईच्या माहेरचा माणूस म्हणजे मामा. रक्ताचं नातं आहे की नाही, हे आमच्या हिंगोली भागात कुणी विचारत बसत नाही. आईचं माहेर नर्सी नामदेवजवळचं, कयाधूच्या काठावरचं एक लहानसं खेडं. तिच्याच आळीत वाढलेले, पण भावकीतले नसलेले एक गृहस्थ नांदेडला सरकारी नोकरीत होते. राखीपौर्णिमेला आईची राखी पोस्टानं त्यांच्याकडे जायची आणि दिवाळीला त्यांची चोळी-बांगडी पुसेगावला यायची. एवढ्या धाग्यावर मी पुसेगाव सोडून नांदेडला गेले, त्यांच्या घरी राहिले, शिकले. आज सार्वजनिक बांधकाम खात्यात मी पुलांचं काम पाहते. त्या माणसाचं माझ्यावर काय देणं आहे, ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

मामा हुद्द्यानं खलाशी होते. काम गोदावरीची पातळी वाचण्याचं.

नांदेडला गोदावरीवर आता बरेच पूल झालेत. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, तेव्हा तर शहराचे घाट आणि रस्ते ओळखू येणार नाहीत इतके बदलले. पण पुराच्या बातमीत नाव येतं ते जुन्या पुलाचं. तिथली इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोक्याची पातळी ३५४ मीटर, हे दोन आकडे नदीकाठच्या नांदेडकराला पावसाळ्यात तोंडपाठ असतात. नवख्या माणसाचा मात्र गोंधळ होतो. साडेतीनशे मीटर पाणी आलं तर शहर कुठं राहिलं, असं लोक मामांना खरोखरच विचारायचे. मामा कुणालाही हसत नसत. "मोजायला सुरुवात समुद्रापासून करतात बाबा," ते सांगायचे. "म्हणजे मग पैठणचा, गंगाखेडचा अन् आपला आकडा एकाच मापात बसतो. वरतून काय येऊलालंय, ते त्याच्यावरून कळतं." प्रश्न दहाव्यांदा आला तरी उत्तर याच स्वरात मिळायचं.

पातळी वाचणं म्हणजे पट्टीवरचा आकडा बघून वहीत उतरवणं, असं मलाही वाटायचं. मामांसोबत एकदा काठावर उभं राहिल्यावर त्यातलं कसब कळलं. पट्ट्या एकाच ठिकाणी नसतात. काठाच्या उतारावर खालून वर टप्प्याटप्प्यानं रोवलेल्या असतात. पाणी चढेल तशी खालची पट्टी बुडते आणि वाचणारा वरच्या पट्टीवर येतो. पाणी स्थिर नसतं. लाट पट्टीवर चढते तेव्हा एक आकडा दिसतो, उतरते तेव्हा दुसरा. दोन्ही काही वेळ पाहायचे आणि मधला लिहायचा. पट्टीला पालापाचोळा अडकला की तिथं पाणी फुगतं आणि आकडा खोटा येतो, म्हणून आधी तो काढायचा. एरवी ठरलेल्या वेळी आणि पुरात दर तासाला, दिवस असो की रात्र. मामांच्या वहीत खाडाखोड मी पाहिली नाही. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण आकडे छापल्यासारखे. दशांशचिन्हाचा ठिपका ते जरा दाबून द्यायचे. ठिपका चुकला तर खालच्या गावांना चुकीचा निरोप जाईल, ही त्यांची धास्ती होती.

विष्णुपुरीच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयात मला स्थापत्य शाखेत प्रवेश मिळाला ते वर्ष २००४. वडिलांकडे कोरडवाहू जमीन. सोयाबीन, तूर आणि विहिरीला पाणी असेल तर थोडी हळद. वसतिगृहाचा खर्च झेपणार नव्हता. हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर असा एसटीचा प्रवास करत वडील मला घेऊन निघाले. आसनेचा पूल ओलांडून गाडी नांदेडात शिरली. दोन खोल्यांचं मामांचं घर. त्यांचे दोन्ही मुलगे तेव्हा शाळेत होते. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळचा कोपरा रिकामा करून मामींनी तिथं एक टेबल आधीच आणून ठेवलं होतं. राहू का, असं आम्हाला विचारावंच लागलं नाही.

भाड्याचा विषय वडिलांनी काढला तेव्हा मामा म्हणाले, "दाजी, बहिणीच्या लेकराचं भाडं घेतो का कुणी?" वडील गप्प बसले. त्यांच्या मनावरचा भार मामींनी ओळखला. "भाडं नगं, पण औंदाची जवारी चांगली आली म्हणतेत. एक पोतं धाडा," त्या म्हणाल्या. पुढची चार वर्षं पुसेगावहून ज्वारी, तूरडाळ आणि हळद येत राहिली. नांदेडच्या मोंढ्यात ज्वारीला तोटा नव्हता. तरी त्या पोत्यामुळे माझे वडील त्या घरात ताठ मानेनं चहा पिऊ शकत होते. घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देता देणं किती अवघड असतं, ते मी मामींकडून शिकले. पुढं नोकरीत माणसांशी वागताना ती शिकवण पुस्तकी ज्ञानापेक्षा जास्त वेळा कामी आली.

कॉलेजच्या ग्रंथालयात जगभरच्या पुलांवरचं एक जाडजूड चित्रमय पुस्तक होतं. त्यात स्पेनमधल्या सेव्हिल शहराची पानं होती. १९९२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सान्तियागो कालात्रावा यांनी तिथं अलामियो पूल बांधला. १४२ मीटर उंचीचा एकच मनोरा, तोही मागे झुकलेला. त्याच्या वजनाच्या तोलावर आणि दोरांवर २०० मीटरचा गाळा तोललेला. आम्ही सगळे त्या चित्राच्या प्रेमात पडलो होतो. ते पान झेरॉक्स करून मी घरी नेलं. मामांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "देखणा आहे," म्हणाले. मग विचारलं, "याच्या आधी लोक कसे जात होते?"

ते त्याच पुस्तकात होतं. ग्वादलकिव्हिर नदीच्या पलीकडे त्रियाना नावाची वस्ती आहे. ११७१ पासून सेव्हिल आणि त्रियाना यांना जोडणारा होता तो नावांचा पूल. नावा एकमेकींना साखळदंडांनी बांधायच्या आणि वरून फळ्या टाकायच्या. पाणी चढलं की पूल चढायचा, उतरलं की उतरायचा. मोठ्या पुरात तुटायचा, लोक पुन्हा बांधायचे. १८५२ मध्ये पक्का लोखंडी पूल झाला, तोवर जवळजवळ सातशे वर्षं हेच चाललं. मामांचा चेहरा उजळला. "सातशे वर्षं! म्हणजे रोज कुणीतरी साखळ्या बघत असंल. दोर कुजला का, फळी सैल झाली का. रोज बघितल्याबिगर टिकंलच कसा तो?" झुकलेल्या मनोऱ्याची चौकशी त्यांनी पुन्हा केली नाही. त्या न पाहिलेल्या नावाड्यांबद्दल मात्र पुढं कितीतरी दिवस विचारत राहिले. रात्री कोण राखत असेल, पूर आला तर आधी कोणती साखळी सोडत असतील. पूल बांधून झाला की संपत नाही, तो रोज सांभाळावा लागतो, ही गोष्ट आम्हाला कोणत्याही तासाला इतक्या थेट शिकवली गेली नव्हती.

२००६ च्या ऑगस्टमध्ये मी ती डोळ्यांनी पाहिली. त्या पावसाळ्यात जायकवाडीतून फार मोठा विसर्ग सोडावा लागला होता. पैठणचं पाणी नांदेडला लगेच पोहोचत नाही. वाटेत त्याला सिंदफणा मिळते, कंठेश्वरला पूर्णा मिळते, आणि पूर्णेतून येलदरी-सिद्धेश्वरकडचं आमच्या भागातलं पाणी येतं. सगळं एकत्र आलं की नदी काय होते, ते नांदेडच्या सखल वस्त्यांना ठाऊक आहे. मामा सकाळी गेले ते परतले नाहीत. त्यांच्या जागी येणारा माणूस पाण्यापलीकडे अडकला होता. संध्याकाळी मामी आणि मी डबा घेऊन निघालो.

नदीचा आवाज आधी आला. काठावर पोहोचलो तेव्हा ओळखीच्या पायऱ्या नव्हत्या, घाट नव्हता. गढूळ, तांबूस पाणी पुलाच्या खांबांना धडकून दोन्ही बाजूंनी फुटत होतं. कडब्याच्या पेंढ्या, मुळासकट बाभळी, कुणाच्या तरी घरावरचा पत्रा असं बरंच काही वाहत येत होतं. मामा वरच्या पट्टीजवळ, अंगावर घोंगडी, हातात बॅटरी. जेवायला बसण्याआधी त्यांनी घड्याळ पाहिलं. तास भरायला थोडाच वेळ होता. "वाच," मला म्हणाले. मी वाचला. त्यांनी स्वतः वाचला आणि मगच मान हलवून वहीत लिहिला. मग निरोप गेला, मग भाकरी. त्या रात्री खालच्या वस्त्यांतली माणसं हलवली जात होती. ती कधी हलवायची, हे ठरवणाऱ्यांच्या हातात जे आकडे होते, त्यातला एक या घोंगडीवाल्या माणसानं बॅटरीच्या उजेडात पट्टीवरून वाचलेला होता.

पूर ओसरल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. "आता बघ, खांबाजवळची वाळू कशी सपाट दिसूलालीय. पण पूर असतो तवा हितं खड्डा पडलेला असतो. पाणी उतरताना नदीच तो बुजवून टाकती." तेव्हा मी ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी हेच पाठ्यपुस्तकात आलं. खांबाला धडकणारा प्रवाह खाली वळतो, पायाशी भोवरे तयार होतात, ते वाळू उकरतात, आणि पाणी कमी होताना गाळ बसून खड्डा भरतो. म्हणून उन्हाळ्यात पुलाखाली जाऊन सगळं ठीक आहे असं म्हणता येत नाही. भरून आलेली वाळू मोकळी असते. तिच्यावर पायानं भरवसा ठेवायचा नसतो. पाया त्या खड्ड्याच्याही बराच खाली, घट्ट थरात गेलेला हवा. सूत्र मी परीक्षेत लिहिलं, पण ते डोक्यात बसलं होतं आधीच, मामांच्या बोलण्यातून.

त्याच वर्षी आमचं सोयाबीन पावसानं हातचं गेलं. घरात कर्ज होतं. वडिलांनी माझं शिक्षण थांबवून स्थळ पाहायचं ठरवलं. त्यांना दोष द्यावा असं तेव्हाही वाटलं नाही. सगळीकडून कोंडी झाली होती. आईनं नांदेडला फोन केला. मामा सुटी काढून पुसेगावला आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "दाजी, दोन वरसं राहिलीत. फीचं मी बघतो. लग्नाचं नाव त्याच्यानंतर काढा." एवढंच. वडिलांचे डोळे भरून आले. वाद झालाच नाही.

नांदेडला परतल्यावर मामांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेण्याचा अर्ज माझ्यापुढं ठेवला. "तुझं अक्षर चांगलं आहे, भर." मी भरत गेले. नाव, हुद्दा, मूळ वेतन, शिल्लक रक्कम. कारणाच्या रकान्यात त्यांनी सांगितलं, "शिक्षण लिही." पुढं, ज्याच्यासाठी रक्कम हवी त्याच्याशी नातं. माझा पेन थांबला. मामांनी अजिबात वेळ न लावता सांगितलं, "भाची." मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली, ठिपका नेहमीसारखा दाबून दिला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. ती रक्कम त्यांच्या धाकट्या मुलाच्या नावानं बाजूला पडत आलेली होती, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या मुलानंही मला कधी वेगळी वागणूक दिली नाही. ऋण एकट्या मामांचं नाही, त्या सबंध घराचं आहे.

नोकरी लागल्यावर मी ते पैसे परत करायला गेले. मामांनी धाकट्याच्या शिक्षणासाठी ते घेतले. आढेवेढे घेतले नाहीत. पैसे फिटले. बाकीचं फिटण्यातलं नव्हतं, आणि तसा विषयही त्यांनी कधी काढला नाही.

माझं काम आता पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पूल तपासण्याचं. वरून जाणाऱ्याला पूल म्हणजे डांबर आणि कठडा दिसतो. मी आधी खाली उतरते. गाळ्याचं वजन खांबावर ज्या बेअरिंगमधून उतरतं, ती माती भरून जाम झालीत का? सांध्यातून पाणी झिरपून खाली खांबाच्या टोपीवर ओल आली आहे का? पाणी निचरायच्या नळ्या बुजल्यात का? दगडी पुलाच्या सांध्यात पिंपळ उगवला असेल तर रोप उपटून भागत नाही. मूळ आत राहतं, जाड होत जातं आणि चिरे सरकवतं. ते मूळ काढून सांधा भरावा लागतो. मग मी पुलाखाली शेळ्या चारणाऱ्याला किंवा काठच्या एखाद्या आजीला विचारते, "मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठपर्यंत होतं?" माणसं देवळाची पायरी, वडाची फांदी बोट करून दाखवतात. ती खूण मोजून घेतली की कागदावरच्या पूररेषेशी ताडून पाहता येते. हे विचारायची सवय मामांची.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. अंधारात दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. महाराष्ट्र हादरला. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि २०१७ च्या जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला. त्या कामाचं कौतुक व्हायलाच हवं. पण दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला होता. निवृत्त होऊन गावी राहत होते. नेहमी आधी जेवलीस का विचारणारे मामा त्या दिवशी एकच बोलले, "रातच्याला पुलापाशी कोण होतं गं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नानं माझ्या कामाची दिशा पक्की केली. गोव्यात मांडवीवरचा १९७० चा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा तो पुरता म्हाताराही झालेला नव्हता. खाऱ्या हवेत आतलं लोखंड गंजत गेलं होतं. नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं आणि तोवर पणजीची वाहतूक फेरीबोटींवर आली. पूल एका क्षणात पडतो, पण त्याआधी बराच काळ काही ना काही सांगत असतो. ते ऐकायला कुणीतरी नेमलेलं असावं लागतं, आणि त्या नेमलेल्या माणसानं पावसात, रात्री, कुणी बघत नसताना तिथं उभं राहावं लागतं. पाणी मोजणारी यंत्रं आता आली आहेत, त्यांचा उपयोग मोठा आहे. पण यंत्राच्या तोंडाशी अडकलेला पाला काढायला, आणि आकडा खरा वाटतो का हे डोळ्यांनी पडताळायला माणूस लागतोच.

मामा गेले त्याला आता काही वर्षं झाली. अस्थी कयाधूत सोडल्या. नांदेडचा जुना पूल त्यांनी आयुष्यभर राखला, पण कयाधूचं पाणी त्या पुलाखालून जात नाही. ते पैनगंगेला मिळतं, पैनगंगा वर्धेला, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत येते. म्हणजे गोदावरी त्यांना भेटली ती पार खाली, आपल्या राज्याच्या टोकाला. त्यांच्या थोरल्या मुलानं त्यांच्या जुन्या वह्यांतली एक मला दिली. सरकारी नोंद नव्हे; ते घरी स्वतःसाठी उतरवून ठेवत ती. २००६ च्या ऑगस्टच्या पानावर तासातासाचे आकडे आहेत. त्यातल्या एकासमोर माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलेलं आहे. तो आकडा मी वाचला होता.

पुलांच्या उद्घाटनाच्या पाट्यांवर पुष्कळ नावं असतात. ज्यांनी मान्यता दिली, निधी दिला, फीत कापली, त्यांची नावं असणं योग्यच आहे. पण प्रत्येक मोठ्या पुलावर पुराच्या सर्वांत वरच्या पातळीची ठळक खूण असावी आणि तिच्याशेजारी ती पातळी ज्यानं रात्रभर उभं राहून मोजली त्या माणसाचं नाव असावं, असं मला मनापासून वाटतं. खलाशी, चौकीदार, मैलकुली, पट्टीवाले ही माणसं नोंदवहीत सहीपुरती उरतात. त्यांच्या जागा रिकाम्या पडल्या तर त्या भराव्यात, त्यांना रेनकोट, चांगली बॅटरी आणि काठावर कोरडी खोली मिळावी, यासाठी मी माझ्या परीनं लिहीत आणि बोलत आले आहे. पुढंही लिहीत राहीन.

यंदा सेनगाव तालुक्यातली एक मुलगी शिकायला आमच्या घरी राहायला आली आहे. आमचं काही नातं नाही. तिची आई आणि मी पुसेगावच्या शाळेत एका बाकावर होतो. तिचे वडील पहिल्या दिवशी तूरडाळीचं पोतं घेऊन आले. मी ते ठेवून घेतलं आणि पुढच्या खेपेला हळद आणा म्हणून सांगितलं. तिला स्थापत्य शाखाच हवी आहे. मोठमोठे पूल बांधायची स्वप्नं ती बघते, आणि तिनं ते जरूर बांधावेत. त्याआधी, येत्या पावसाळ्यात तपासणीला जाताना मी तिला सोबत नेणार आहे. पट्टी कशी वाचायची ते तिला शिकवायचं आहे.